गुणसूत्रांची मोजदाद आणि रसायनांची परीक्षा

मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे किती असतात, या वरकरणी साध्या प्रश्नाचे उत्तर १९५५ सालापर्यंत जगातील बहुतेक विद्वान चुकीचे देत होते. अमेरिकेतील थिऑफिलस पेंटर या शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ही संख्या अठ्ठेचाळीस असल्याचे सांगितले आणि पुढे तीस वर्षे पाठ्यपुस्तकांतून तीच संख्या छापली गेली. सूक्ष्मदर्शकातून दुसऱ्या कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. पाहणारे पुष्कळ होते. परंतु अठ्ठेचाळीसच दिसली पाहिजेत अशी मनाची तयारी करून ते पाहत असल्यामुळे त्यांना अठ्ठेचाळीस दिसत! १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमधील लुंड येथे जावा बेटात जन्मलेले जो हिन च्यो यांनी आल्बर्ट लेवान यांच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा मोजली आणि ती सेहेचाळीस भरली. दोघांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना जे साधले ते आधीच्यांना का साधले नव्हते? याचे श्रेय दोन युक्त्यांना आहे. पहिली युक्ती पेशी फुगविण्याची. रक्ताहून कमी क्षार असलेल्या पाण्यात पेशी ठेवली म्हणजे ती पाणी शोषून फुगते आणि आत एकमेकांवर चढून बसलेली गुणसूत्रे सुटी होतात. ही युक्ती टी. सी. श्यू यांनी १९५२ मध्ये पुढे आणली. दुसरी युक्ती म्हणजे कोल्चिसिन नावाचे द्रव्य. आपल्या विषयाचे सारे मर्म या दुसऱ्या युक्तीत साठविलेले आहे.

त्यापूर्वी शब्दाविषयी दोन शब्द सांगतो. मी कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे शब्द दिसला की तेथे थोडे रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मराठीत आपण ‘गुणसूत्र’ म्हणतो. वाघोडियात आपले शेजारी गुजरातीत ‘रंगसूत्र’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘रंगीत काया’ असा असून ‘क्रोमोसोम’ हे नाव वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिले. कारण रंगद्रव्य घातल्यावर पेशीतील हे धागे ठळकपणे रंगतात. तेव्हा गुजराती शब्दाने मुळाशी इमान राखले आहे, तर मराठी शब्दाने त्या धाग्यांचे कार्य सांगितले आहे. दोन्ही शब्द ज्यांच्या कानांवर रोज पडतात, त्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट निम्मी आधीच समजलेली असते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कोल्चिसिनकडे वळू. हे द्रव्य युरोपात कोल्चिकम नावाच्या कंदापासून काढीत. आपल्याकडे तेच द्रव्य कळलावीत असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात, गौरी-गणपतीच्या सुमारास, कुंपणावर चढलेली ही वेल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची ज्वाळांसारखी तांबडी-पिवळी, पाकळ्या वर उलटलेली फुले विसरता येणार नाहीत. पानांच्या टोकांना तणाव्यासारखे आकडे असतात व त्यांच्या आधाराने ती वर चढते. रूप असे देखणे. परंतु तिचा कंद जहाल विषारी असून तो पोटात गेल्याने माणसे दगावली आहेत. विद्यार्थ्यांनी ती दुरूनच पाहावी. तरीही ह्याच कोल्चिसिनची अत्यल्प मात्रा वैद्यकात वातरक्त या सांधेदुखीच्या विकारावर आजही दिली जाते.

कोल्चिसिन पेशीत करते तरी काय? एका पेशीच्या दोन पेशी होतात तेव्हा प्रत्येक गुणसूत्राची आधी हुबेहूब जोड तयार होते. मग पेशीत अतिसूक्ष्म नळ्यांची एक रचना उभी राहते. ती मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती असते, म्हणून तिला चरख्याच्या चातीचे नाव मिळाले आहे. या चातीच्या नळ्या प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी पकडतात आणि एकेक भाग दोन विरुद्ध टोकांकडे ओढून नेतात. रस्सीखेचीच्या खेळात दोर मधोमध तुटला तर दोन्ही संघांच्या हाती सारखाच दोर उरावा, तसे हे आहे. नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून उभ्या राहतात. कोल्चिसिन त्या विटांनाच चिकटते. रचना अडते, चाती उभी राहत नाही आणि पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थबकते. गुणसूत्रे आखूड, जाड व सुटी होऊन पडतात आणि मोजणाऱ्याचे काम सोपे होते. च्यो व लेवान यांना लाभ झाला तो याचाच.

परंतु मात्रा अगदी थोडी असेल तर? तेव्हा चाती अर्धवट उभी राहते. पेशी थबकत नाही, विभाजन पुढे रेटते. मात्र एखादे गुणसूत्र मागे राहते, किंवा दोन्ही भाग एकाच बाजूला जातात. एका पेशीत पंचेचाळीस, तर दुसरीत सत्तेचाळीस. गुणसूत्र तुटलेले नसते, त्यावरील एक अक्षरही पुसले गेलेले नसते. ग्रंथ शाबूत, पण खंडांची संख्या चुकली, असा हा प्रकार आहे. जी रसायने असा घोटाळा करतात त्यांना आपण या लेखापुरते ‘संख्या बिघडविणारी रसायने’ म्हणू. गुणसूत्रांचे तुकडे पाडणारी रसायने हा निराळा वर्ग होय.

ही संख्या बिघडल्याने काय होते, हे आता जगाला ठाऊक झाले आहे. पॅरिस येथे १९५९ मध्ये लेजन, गोतिए आणि त्युर्पाँ यांनी दाखवून दिले की, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली आढळते. कर्करोगाच्या गाठींतील पेशींतही ही संख्या बहुधा विस्कटलेली असते. जर्मनीतील थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूच्या अंड्यांवर प्रयोग करून विसाव्या शतकाच्या आरंभी हा धागा पकडला होता आणि १९१४ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. कारण हा अंक विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या घरांतूनही वाचला जातो. एखाद्या घरी डाऊन सिंड्रोम असलेले बालक जन्मास आले की, ग्रहणात विळी धरली, अमुक खाल्ले, तमुक केले, अशी बोलणी आईला खावी लागतात. त्यांत काडीचेही तथ्य नाही. इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच दाखविले होते की, या जन्मांचा संबंध आईच्या वयाशी आहे. वय वाढते तशी शक्यता वाढते. पण तरुण मातांनाही अशी बालके होतात. अमुक रसायनामुळे माणसात असे बालक जन्मले, असे निश्चितपणे सिद्ध झालेले रसायन एकही नाही. मग रसायनांची परीक्षा कशासाठी? ती यासाठी की, प्रयोगशाळेतील पेशींत व प्राण्यांत चाती मोडणारी द्रव्ये निश्चित सापडली आहेत आणि त्यांपैकी काही आपल्या शेतांत व औषधांच्या कपाटांत आहेत. नुकसान झाल्यावर शोध घेण्यापेक्षा आधी पारख करणे केव्हाही बरे.

ही पारख करण्याच्या मार्गात एक चमत्कारिक अडचण आहे. रसायनामुळे आनुवंशिक द्रव्यात बिघाड होतो की काय, हे पाहण्याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० नंतरच्या दशकात बसविली. ती जलद व स्वस्त असून साल्मोनेला या जिवाणूवर केली जाते. परंतु जिवाणूत चातीच नसते! जेथे चातीच नाही तेथे ती मोडणार कशी? म्हणून पेशीतील विभाजनाची घडी पार विस्कटणारे द्रव्यही या चाचणीतून निर्दोष सुटू शकते. कोल्चिसिनसारख्यांना पकडावयाचे तर चाती असलेल्या पेशींकडेच गेले पाहिजे.

तेथे उपयोगी पडते ती सूक्ष्मकेंद्रकाची चाचणी. विभाजनाच्या वेळी जे गुणसूत्र मागे राहते, ते नव्या केंद्रकात शिरू शकत नाही. त्याच्याभोवती स्वतंत्र पापुद्रा तयार होऊन मोठ्या केंद्रकाच्या बाजूला एक चिमुकले केंद्रक दिसू लागते. चंद्राशेजारी एखादी चांदणी दिसावी तसे. ही चिमुकली केंद्रके मोजावयाची, एवढाच या चाचणीचा गाभा आहे. हेडल व श्मिड यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत तिला आजचे रूप दिले. उंदराच्या हाडातील मगजात तांबड्या पेशी तयार होत असतात. पक्व होताना प्रत्येक तांबडी पेशी आपले मोठे केंद्रक बाहेर टाकून देते, पण मागे राहिलेला तुकडा तिच्यातच अडकून पडतो. केंद्रक नसलेल्या पेशीत एखादा रंगीत ठिपका उठून दिसावा, इतके हे स्पष्ट असते. आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार आज प्रत्येक प्राण्याच्या निदान चार हजार कोवळ्या तांबड्या पेशी तपासाव्या लागतात. चार हजार! परीक्षेच्या दोनशे उत्तरपत्रिका तपासून डोळे दुखतात अशी तक्रार करणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

प्राण्यांना त्रास न देता हीच चाचणी काचपात्रातील पेशींवरही करता येते आणि तिची नियमावली २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घेतात. या पेशी एरवी स्वस्थ बसून असतात. त्यांना विभाजनास प्रवृत्त करण्यासाठी राजम्यापासून काढलेले एक प्रथिन घालतात. ज्या राजम्याची उसळ आपण आवडीने खातो, तो कच्चा खाल्ला तर पोट बिघडविणारे हेच प्रथिन; १९६० मध्ये पीटर नोवेल यांना त्याचा हा गुण आढळला. त्यानंतर परीक्षेचे रसायन निरनिराळ्या मात्रांत मिसळावयाचे आणि शेवटी सायटोकॅलासिन-बी हे बुरशीपासून मिळणारे द्रव्य घालावयाचे. त्यामुळे केंद्रकाचे दोन भाग होतात, पण पेशीचे शरीर दुभंगत नाही. दोन केंद्रकांची पेशी दिसली की ती रसायनाच्या सहवासात नेमकी एकदाच विभागली, हे आपोआप कळते. ही मोठी सुबक युक्ती ऑस्ट्रेलियातील फेनेक व मॉर्ली यांनी १९८५ मध्ये मांडली.

परंतु सूक्ष्मकेंद्रक दिसले एवढ्यावरून गुन्हेगार ओळखता येत नाही. ते गुणसूत्राच्या तुटलेल्या तुकड्यापासून बनले असेल किंवा मागे राहिलेल्या अख्ख्या गुणसूत्रापासून. पहिल्या बाबतीत रसायन ‘तोडणारे’, दुसऱ्या बाबतीत ‘संख्या बिघडविणारे’ ठरेल. हा भेद करण्यासाठी गुणसूत्रबिंदूचा आधार घेतात. प्रत्येक गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू असतो व चातीची नळी तेथेच जोडली जाते. त्या बिंदूला जाऊन चिकटणारे आणि अंधारात चमकणारे द्रव्य घालावयाचे. सूक्ष्मकेंद्रकात चमक दिसली तर अख्खे गुणसूत्र आत आहे. न दिसली तर बहुधा नुसता तुकडा. याहून पुढे जाऊन एखाद्याच क्रमांकाच्या गुणसूत्राला चमक देता येते. मग दोन्ही केंद्रकांत दोन-दोन ठिपके हवेत. एकात तीन व दुसऱ्यात एक दिसला म्हणजे वाटणीत लबाडी झाली. ही लबाडी सूक्ष्मकेंद्रकाच्या साध्या मोजणीत मुळीच दिसत नाही, कारण येथे मागे कोणीच राहिलेले नसते.

प्रत्येक चाचणीच्या जोडीला साक्षीदार ठेवावे लागतात. एका पात्रात केवळ द्रावक, रसायन नाही. दुसऱ्यात असे द्रव्य, ज्याचा दुर्गुण आधीच सिद्ध आहे. संख्येच्या चाचणीसाठी कोल्चिसिन किंवा व्हिनब्लास्टिन. हे व्हिनब्लास्टिन आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते आणि कर्करोगावरील औषध म्हणून ते प्रसिद्ध आहे. झपाट्याने विभागणाऱ्या रोगट पेशींची चाती मोडणे हाच त्याचा औषधी गुण होय. ज्या गुणाने रोग हटतो त्याच गुणाची निरोगी पेशीत भीती बाळगावी लागते! आता पहिल्या पात्रात सूक्ष्मकेंद्रके वाढली किंवा दुसऱ्यात ती वाढलीच नाहीत, तर सारी चाचणी रद्द होते. शिवाय काचपट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक घालतात, जेणेकरून मोजणाऱ्याला कोणती पट्टी कशाची हे कळू नये. अठ्ठेचाळीस पाहण्यास बसले की अठ्ठेचाळीस दिसतात, हा धडा शास्त्राने चांगलाच गिरविला आहे.

साक्षीदारांचे महत्त्व किती, याचा दाखला अमेरिकेतील पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेने दिला. १९९८ मध्ये त्यांच्याकडील ज्या उंदरिणींना काहीच दिले नव्हते, त्यांच्याच बीजांडांत गुणसूत्रांची मांडणी एकाएकी बिघडलेली आढळली. एरवी शंभरांत एक-दोन बीजांडे अशी असत, ती चाळीसच्या घरात गेली. शोध घेता कळले की, प्लॅस्टिकचे पिंजरे व पाण्याच्या बाटल्या चुकीच्या साबणाने धुतल्या गेल्या होत्या आणि खराब झालेल्या प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल-ए पाझरत होते. हा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अन्यत्र झालेल्या प्रयोगांत संख्येतील बिघाडाचा हा परिणाम तसाच आढळला नाही आणि वाद चालू राहिला. पण लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांकडे जगाचे लक्ष वळले, त्यामागे ही धुण्यातील चूक होती.

शेतकऱ्यांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. ते बुरशीच्या पेशीतील नळ्या मोडते, म्हणून बुरशी मरते. पुरेशी मात्रा असेल तर ते प्राण्यांच्या पेशीतही तेच करते. बेनोमिल नावाचे त्याचे भावंड शरीरात गेल्यावर कार्बेन्डाझिममध्येच रूपांतरित होते. त्यावर भारत सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली.

‘पुरेशी मात्रा’ हे शब्द मी सहज लिहिलेले नाहीत. चाती शेकडो नळ्यांची असते. त्यांतील एक-दोन नळ्या अडल्या तरी ओढण्याचे काम निभावते. पुष्कळ नळ्या अडल्या तरच घोटाळा होतो. त्यामुळे या रसायनांना एक उंबरठा असतो आणि त्याखाली परिणाम दिसत नाही. ब्रुसेल्स येथे मिशलिन कर्श-फोल्डर्स व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात हे बारकाईने मोजले. आनुवंशिक द्रव्यालाच थेट चिकटणाऱ्या रसायनांविषयी असा दिलासा सहसा देता येत नाही. म्हणूनच एखादे रसायन ‘तोडणारे’ की ‘संख्या बिघडविणारे’ हा भेद केवळ पंडितांचा नव्हे; कामगाराच्या हवेत ते किती असलेले चालेल, याचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

आपल्याकडे हे काम कोठे चालते? पुण्याजवळ मुळशी तालुक्यात उरवडे येथे इंटॉक्स ही विषशास्त्राची प्रयोगशाळा आहे. गुजरातेत वापीजवळ वलवाडा येथे जय रिसर्च फाउंडेशन आहे. अशा प्रयोगशाळांच्या कारभारावर देखरेख करणारी राष्ट्रीय यंत्रणा २००२ मध्ये स्थापन झाली आणि २०११ पासून येथील मान्यताप्राप्त अहवाल परदेशांतही ग्राह्य धरले जातात. ही देखरेख हवीच होती. अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगशाळेने खोटे अहवाल रचल्याचे १९७० नंतरच्या दशकात उघडकीस आले, तेव्हापासून प्रत्येक नोंदीवर सही व तारीख घालण्याची सक्ती जगभर आली. विद्वत्तेतही आपली माणसे मागे नाहीत. पुण्यात जन्मलेल्या अर्चना शर्मा यांनी कलकत्त्यास राहून गुणसूत्रे पाहण्याच्या पद्धती सुधारल्या, त्यांवर रसायनांचा काय परिणाम होतो याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९७५ मध्ये त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले.

नव्या औषधाची अशी परीक्षा माणसाला देण्यापूर्वी करावीच लागते. कीटकनाशकांनाही नोंदणीसाठी ती द्यावी लागते. परंतु वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत किंवा नंदेसरीला जी द्रव्ये एका कारखान्यातून दुसऱ्यात पिंपांनी जातात, त्यांतील पुष्कळ ना औषधे असतात, ना कीटकनाशके. युरोपात २००७ पासून मोठ्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या औद्योगिक रसायनांचीही माहिती देण्याची सक्ती झाली. म्हणून तिकडे माल पाठविणारा आपला कारखानदारही परीक्षा करवून घेतो. जो माल येथेच खपतो त्याच्या पिंपाजवळ उभा राहणारा कामगार आपल्या विद्यार्थ्यांचा वडील किंवा काका असतो, आणि त्या पिंपावर काय लिहिले आहे हे वाचण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

विद्यार्थ्यांना स्वतः काही पाहावयाचे असेल तर त्यासाठी उंदीर नको, राजम्याचे प्रथिनही नको, कांदा पुरे. लेवान यांनी १९३८ मध्ये कोल्चिसिनचा परिणाम प्रथम कांद्याच्या मुळांवरच तपासला होता. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी सोळा आणि आकाराने मोठी. पेल्याच्या तोंडावर कांदा असा ठेवावा की त्याचा केवळ बूड पाण्याला टेकेल. दोन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतात. आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक टोकाकडील भाग कापून एक भाग अॅसिटिक आम्ल व तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात ठेवतात, मग सौम्य आम्लात किंचित गरम करून अॅसिटोकार्मिनने रंगवितात आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पसरतात. आम्ल हाताळण्याचे काम त्यांचेच. मुलांनी हात लावावयाचा तो कांद्याला व सूक्ष्मदर्शकाला. शंभर पेशी मोजल्या तर विभाजन चाललेल्या थोड्याच सापडतात, आणि त्यांपैकी चाती ताणलेली, गुणसूत्रे दोन टोकांकडे निघालेली अशी एखादीच. ती सापडली की मुले एकमेकांना ढकलून पाहावयास येतात.